पंगतीतली जागा

परवा आमच्या गल्लीतली एक मुलगी आपल्या आईला घेऊन माझ्याकडे आली. आई दारातून अंग तिरपं करून आत आली आणि बसायला काय मिळेल म्हणून चारी बाजूंना बघायला लागली. ती नजर मी लगेच ओळखली. खुर्चीला हात आहेत का, असले तर आपण मावू का, हे ती बघत होती. मी तिला दिवाणावर बसवलं.

मुलगी म्हणाली, "बाई, डाक्टरनं वजनाचं आपरेशन सांगितलंय. दोन-तीन प्रकार हायत म्हणतेत. आईला काई समजून न्हाई राहिलं. तुमी केलं हाय ना? तुमीच सांगा कोणतं करावं."

मी काय सांगणार? माझी शस्त्रक्रिया सत्तरच्या दशकातली. तेव्हाच्या तऱ्हा आता तशा राहिल्या नाहीत म्हणे. आता काय करायचं ते आताच्या डॉक्टरांनाच विचारावं. पण निवड करायची वेळ येते तेव्हा माणसाच्या मनात काय काय चालतं, ते मला माहीत आहे. त्या बाईंना मी ते तासभर सांगितलं. त्या गेल्यावर वाटलं, लिहूनही ठेवावं.

लोखंडी खुर्ची

मी हिंगोलीजवळच्या गोरेगावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. घरात माय, मी आणि धाकटा भाऊ मधुकर. वडील आम्ही लहान असतानाच गेले. मायने रोजंदारी करून आम्हाला शिकवलं.

मी लहानपणापासूनच अंगाने भरलेली. पुढे भरतच गेले. दुष्काळात सगळा गाव वाळला, मी तशीच राहिले. खडी फोडायला जाणाऱ्या बाया मला बघून म्हणायच्या, "दुष्काळानं हिचं घर चुकवलं गं." मीही हसायचे. घरी येऊन मात्र भाकरीकडे बघावंसं वाटायचं नाही, आणि तरी खायचे. कारल्याचा रस झाला, लिंबू-मध झाला, एका वैद्याच्या काळ्या गोळ्या झाल्या. पाच-सात किलो उतरायचे आणि दहा चढायचे.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त काय छळत होतं म्हणाल तर पंगत. मला खाली बसता येत नव्हतं. बसलेच तर उठता येत नव्हतं, दोन माणसं लागायची. म्हणून लग्नाकार्यात माझ्यासाठी शाळेतली लोखंडी खुर्ची यायची. समोर एक स्टूल आणि त्यावर पत्रावळ. खाली बायांची रांग, एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसलेली, कोण कुणाला कोपर मारतंय, कोण कुणाच्या कानात सांगून हसतंय. मला वरून त्यांचे भांग तेवढे दिसायचे. काय बोलून हसल्या ते कळायचं नाही. मला त्या रांगेत बसायचं होतं. इतकं बसायचं होतं, की लग्नाहून घरी आले की एकटीच भिंतीला टेकून मांडी घालून बघायचे. मांडी पडायची नाही.

माय नेहमी माझ्या खुर्चीच्या पायाशी बसायची. एकदा तिनं सांगितलं, की तिच्या लहानपणी गावजेवण असलं की आमच्या लोकांना लांब, उकिरड्याच्या बाजूला बसवायचे. बऱ्याचदा तेही नाही. सगळ्यांची जेवणं झाली की पत्रावळींवरचं उरलेलं गोळा करून आणायचं, आणि तेच घरी वाटून खायचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर तिनं घरात दोन नियम केले. पानात काही टाकायचं नाही आणि कुणाचं उष्टं खायचं नाही. आम्ही भावंडंसुद्धा एकमेकांच्या ताटातलं कधी उचललं नाही.

"आता आपली पंगत एक झाली," माय म्हणाली, "अन् त्यात माही लेक अलग बसून राहिली." एवढं बोलून ती भांडी घासायला गेली.

आडतीवरचा काटा

वर्गात मला झोप यायला लागली. पोरी पाढे म्हणायच्या आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या डुलायचे. एकदा जाग आली तर पोरी अगदी हळू आवाजात पाढे म्हणत होत्या. तीसपर्यंत संपवून परत दोनपासून सुरू केले होते, बाईंची झोप मोडू नये म्हणून. त्या दिवशी मधुकर मला हिंगोलीला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

दवाखान्यातल्या काट्याची सुई शेवटच्या आकड्यावर जाऊन थरथरत उभी राहिली. कंपाउंडर हसू दाबत म्हणाला, "बाई, आडतीवर जावं लागंल."

गेलो. कापसाची आणि हळदीची पोती बाजूला सारून मला काट्यावर उभं केलं. हमालाने सवयीप्रमाणे आकडा मोठ्याने पुकारला, बाजारातली सगळी माणसं वळून बघायला लागली. तो आकडा मी इथं लिहीत नाही. हमालाने एकदा पुकारला तेवढा पुरे.

डॉक्टर मात्र भला माणूस. लघवीत साखर आहे म्हणाले, आणि हृदय थकलंय. "बाई, हे असंच चाललं तर फार वर्षं निघायची नाहीत." हैदराबादला परदेशातून शिकून आलेले एक सर्जन अशा माणसांवर शस्त्रक्रिया करतात, तिकडे जा म्हणाले. परतीच्या एसटीत मधुकरला मीच म्हणाले, "अरे, आडतीवर भाव तर विचारायचा होतास." तो हसला नाही, तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिला.

तीन तऱ्हा

हैदराबादचे डॉक्टर चांगलं मराठी बोलायचे. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढून मला, मधुकरला आणि सोबत आलेल्या मायला समजावलं. पहिली तऱ्हा आतड्याची. आतड्याचा मोठा भाग बाजूला ठेवायचा आणि वाट आखूड करायची. मग खाल्लेलं अंगी लागायच्या आत पुढे जातं. जेवण हवं तेवढं करा, वजन उतरेल. मात्र संडासला पुन्हा पुन्हा जावं लागेल, अशक्तपणाही येईल. दुसरी तऱ्हा जठराची. जठर शिवून मुठीहून लहान करायचं. मग चार-सहा घासांत पोट भरतं, पुढे खाल्लं तर उलटून पडतं. आणि तिसरी म्हणजे काही दिवस दात तारेने बांधून ठेवायचे आणि पातळ तेवढं प्यायचं.

"मग पाढे कोण म्हणणार?" मी म्हणाले. डॉक्टर हसले आणि तिसरी तऱ्हा त्यांनी स्वतःच खोडली.

मायने एकच प्रश्न विचारला. "जेवता कोणत्यात येतंय?"

"पहिलीत, आजी."

"मंग तीच करा."

मलाही तीच हवी होती. डोळ्यांसमोर लगेच पंगत आली. मी खाली बसलेय, मांडी पडलीय, माझ्या पानावर गरम पोळी पडतेय आणि मी सगळ्यांबरोबर पोटभर जेवतेय. चार वेळा जास्त संडासला गेलं तर गेलं, त्यात काय एवढं! डॉक्टर म्हणाले, नीट विचार करा, दोन्हीत जिवाला धोका आहे आणि दोन्ही जन्मभराच्या आहेत. पण मी विचार करून टाकला होता.

गूळ-भाकर

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी सिस्टरने बजावलं होतं, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. ती गेली आणि मायने पदराखालून फडकं काढलं. येताना गावाहून आणलेली ज्वारीची भाकर आणि गुळाचा खडा. कामाला निघालेल्या माणसाला माय कधी रिकाम्या पोटी घराबाहेर पाठवायची नाही. मी परीक्षेला निघाले, मधुकर नोकरीच्या मुलाखतीला निघाला, तिनं आधी तोंडात घास घातला आणि मगच दार उघडलं. आमचे वडील एका सकाळी घरात काही नव्हतं म्हणून उपाशीच कामावर गेले होते. तिकडेच चक्कर येऊन पडले आणि घरी आलेच नाहीत. तेव्हापासूनचा तिचा हा नेम होता.

"माय, खायचं न्हाई म्हणून सांगितलंय गं."

"ते जेवायला न्हाई म्हणतेत. हा घास हाय. आ कर."

मी आ केला. तिचा हात तोंडाजवळ आला की माझं तोंड आपोआप उघडायचं.

सिस्टर परत आली. "कुछ खाए तो नहीं ना?"

मायनेच सांगितलं, अगदी कौतुकाने. "एक घास दिला. उपाशी कसं धाडावं?"

सिस्टरने कपाळावर हात मारून मायला खुळ्यात काढलं. "हौला अम्मा, ये क्या करे तुम!" मग डॉक्टर आले. बेशुद्ध असताना पोटातलं अन्न वर येऊन श्वासनळीत गेलं असतं तर मी टेबलावरच गेले असते, असं त्यांनी न रागावता मायला समजावलं. शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यावर गेली. मायने हाय खाल्ली. दिवसभर हातातलं फडकं तिनं खाली ठेवलं नाही.

नूरआपा

तो आठवडा वॉर्डातच काढला. पहाटे फिनेलच्या वासाने जाग यायची, मग थर्मामीटर, मग चहाची किटली, मग डॉक्टरांची फेरी. माझ्या खाटेखाली वॉर्डबॉयने विटा लावल्या होत्या. कूस बदलली की खाट कण्हायची आणि शेजारच्या बाया म्हणायच्या, "जागी झाली वाटतं मास्तरीण."

दोन दिवसांनी शेजारच्या खाटेवर नूरआपा आल्या. हैदराबादच्याच. पहिल्या तऱ्हेची शस्त्रक्रिया त्यांनी आदल्या वर्षी करून घेतली होती, आता तपासणीसाठी भरती झाल्या होत्या. कधीकाळी त्या माझ्याएवढ्या होत्या यावर माझा विश्वास बसेना. बांगडी कोपरापर्यंत चढत होती. मला त्यांचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

पण दिवसभर मी त्यांना बघत होते. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडून त्या उठायच्या आणि भिंतीला धरून निघायच्या. परत यायच्या, पडायच्या, पुन्हा उठायच्या. सांधे दुखायचे. डोळे पिवळट दिसायचे. सगळ्यांना असाच त्रास होतो असं नाही, हे त्याच मला सांगायच्या.

मी विचारलं, "आपा, जेवण तर पहिल्यासारखं जातं ना?"

"हौ, खाने की कोई तकलीफ नहीं," त्या म्हणाल्या. "मगर शादियां छोड़ दी मैं. सगी भांजी की शादी में नहीं गई. दस्तरखान पे बैठो, दो निवाले लेओ, और सबके बीच में से उठके भागो. क्या इज्जत रहती?"

आमच्या पंगतीत तर शेवटच्या माणसाचं जेवण झाल्याशिवाय कुणी उठत नाही. मधेच उठलं की सगळी पंगत बाटल्यासारखी बाया बोलतात.

मग मला माझी निवड पहिल्यांदा नीट दिसली. एका तऱ्हेत जेवण होतं, पण बसणं नव्हतं. दुसरीत बसणं होतं, पण जेवण नव्हतं. दोन्ही एकत्र देणारी तऱ्हा डॉक्टरांच्या कागदावर नव्हती. मी चादर तोंडावर ओढून रडले. मला दोन्ही हवं होतं. चारचौघींना मिळतं तेवढंच हवं होतं.

मंग मी काय करू?

मी मायला सांगितलं, जठराची करून घेते.

"पोट शिवून एवढंसं करणार?" तिनं मूठ दाखवली. "काहून? पोट भरायसाठी आमी जिवाचं रान केलं. भूक काय असती तुला ठाऊक न्हाई."

"माय, मला पंगतीत बसायचंय."

"बसून काय करशील? बघत राहशील?"

ती माझ्याशी बोलेनाशी झाली. मधुकर बिचारा दोघींच्या मधे चहाचे पेले घेऊन फिरत राहिला. तो म्हणाला, "अक्का, तुला पटतंय ते कर. मायचं मी बघतो." मायचं बघणं त्याला कधी जमलं नाही, तेव्हाही जमलं नाही.

एका दुपारी मायच माझ्या उशाशी येऊन बसली. नूरआपा भिंतीला धरून नुकत्याच बाहेर गेल्या होत्या. माय त्यांच्या रिकाम्या खाटेकडे बघत म्हणाली, "ती बाई लई सोसून राहिली." मग तिनं विचारलं, "तुला मंग भूक लागंल का?"

"फार न्हाई लागणार म्हणतेत."

"मंग मी काय करू?"

मी तिचा हात धरला. हा हात एवढी वर्षं मला भरवत आला होता. त्याला आता काम राहणार नव्हतं. आपण आपल्या पोटाचा विचार करत होतो, हिच्या हाताचा केलाच नव्हता, असं मला वाटलं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी ती वॉर्डात आलीच नाही. बाहेर पायऱ्यांवर बसून राहिली. मधुकर म्हणाला, "ती म्हणाली, जवळ आले तर हात राहायचा न्हाई."

ओलं फडकं

नंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. नाकात नळी, पोटावर टाके, खोकला आला की जीव जायचा. भूक नव्हती, पण तहान अशी, की दुसऱ्या वॉर्डात कुणी नळ सोडला तरी मला ऐकू यायचा. तिसऱ्या दिवशी ताप चढला. आतली शिवण उसवली की काय म्हणून डॉक्टर स्वतः येऊन बसले. मला वाटलं संपलं. आता तर पंगतही नाही आणि भाकरही नाही, असंच जायचं. भीती वाटत होती, मोठी माणसं म्हणवणाऱ्यांना वाटू नये इतकी.

मायला सिस्टरने एक काम दिलं. फडकं पाण्यात भिजवून, पिळून माझ्या ओठांवर फिरवायचं. तेच गूळ-भाकरीचं फडकं, उकळून धुतलेलं. माय ते इतकं जपून करायची, की सिस्टर दारातून बघत राहायची. "अम्मा, तुम तो नर्स हो गए," ती एकदा म्हणाली. माय लाजली. ताप उतरला. पुढे वाटीतलं चमचाभर वरणाचं पाणी, मग दोन चमचे.

ज्यांना ही वाट चालायची आहे त्यांना एक सांगते. भूक जाते, पण ओढ जात नाही. घरी आल्यावर कुणाच्या चुलीवर बेसन शिजलं की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. तव्यावरून उतरलेली भाकर, त्यावर ठेचा आणि तेलाची धार हे मी स्वप्नात खायचे, दोन-दोन भाकरी खायचे. जागेपणी चतकोरही सरायची नाही. एकदा हौसेनं बुंदीचा लाडू खाल्ला तर घाम फुटला, छाती धडधडली आणि अर्धा तास आडवी पडून राहिले. आजही ही ओढ आहे. ती जाईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पण वजन उतरत गेलं. वर्गात झोप येईनाशी झाली. पोरींनी पाढे परत मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. आणि एका दुपारी, दार लावून, चौकट धरून मी हळूहळू खाली बसले. उजवा पाय मुडपला, मग डावा. मांडी पडली. मी तशीच बसून राहिले. माय शेतातून आली, तिनं दार वाजवलं, तर मला उठवेना. उठता येत होतं, उठायचं नव्हतं.

मधुकरचं लग्न

मधुकरचं लग्न विहारापुढच्या मांडवात झालं. बायांची पंगत बसायला लागली तेव्हा कुणीतरी सवयीने शाळेतली लोखंडी खुर्ची आणून ठेवली. माय ओरडली, "न्या ती उचलून! नवरीच्या मामाला द्या."

मी मायच्या शेजारी खाली बसले. दुसऱ्या बाजूला माझी चुलत बहीण. तिची मांडी माझ्या मांडीला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "सरक गं जरा, मास्तरणीला जागा दे," आणि सगळ्या हसल्या. कशाला हसल्या ते या वेळी मला कळलं, कारण मीही तिथेच होते.

वाढपी आले. भात, वरण, वांग्याची भाजी, पोळी, बुंदी. मी हात आडवा धरेपर्यंत पान भरून गेलं. आमच्याकडे वाढणाऱ्याला थांबवणं कुणाला जमलंय? मी जेवायला लागले. वरणभाताचे तीन घास गेले, पोळीचा एक तुकडा भाजीला लावून खाल्ला आणि पोट गच्च झालं. समोर भरलेलं पान तसंच. आजूबाजूला सगळ्या जेवत होत्या. मला त्या पोळीवर, त्या वांग्यावर झडप घालावीशी वाटत होती आणि एक घासही जात नव्हता. रांगेत बसले होते, पण पान टाकून उठावं लागणार होतं. मायच्या घरात आजवर कुणी पानात टाकलं नव्हतं. मी मान खाली घालून भात उगाच इकडून तिकडे करत राहिले.

तेवढ्यात माझ्या पानावर एक हात आला. मायचा. तिचं स्वतःचं पान साफ झालं होतं. तिनं माझ्या पानातली अर्धी पोळी उचलली, माझ्याच भाजीला लावली आणि तोंडात घातली.

चुलत बहीण दबक्या आवाजात म्हणाली, "काकू, काय करून राहिल्या? तुमी तर कुणाचं उष्टं..."

"माह्या लेकीचं हाय," माय म्हणाली आणि भात कालवायला लागली.

"माय, राहू दे," मी म्हणाले.

"तू बस. उठू नको."

ती सावकाश जेवत होती. दात पडले होते, एकेक घास चावायला वेळ लागत होता. बाकीच्यांची जेवणं कधीच झाली होती, हात वाळत आले होते. पण शेवटचं जेवण झाल्याशिवाय कुणी उठत नाही. सगळी पंगत आमच्यासाठी बसून राहिली होती, आणि मी त्या पंगतीत बसले होते.